नोंद आणि वस्तू

(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गात ‘सर्व्हरमधील सामग्रीची यादी व सेन्सरच्या नोंदी : अद्ययावत करणे आणि पडताळणे’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मजकडे सोपविण्यात आलेला विषय वरवर पाहता आपल्या नित्याच्या कामापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. सर्व्हर नावाच्या यंत्रात कोणकोणते भाग बसविलेले आहेत याची यादी अद्ययावत कशी ठेवावी, आणि त्या यंत्रातील सेन्सर जी मापे सांगतात ती खरी आहेत की नाहीत हे कसे पडताळावे, असा हा विषय आहे. शाळेत सर्व्हर नसतो. तेव्हा शिक्षकाला या ज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले असे की, आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव आज कोठल्या ना कोठल्या सर्व्हरवर लिहिलेले असते. महाराष्ट्रात ‘सरल’ ही प्रणाली २०१५ साली आली. देशपातळीवरील ‘यू-डायस प्लस’मध्ये २०२२-२३ या वर्षापासून शाळेची नुसती एकूण पटसंख्या न घेता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली. पूर्वी दाखल-खारीज रजिस्टर कपाटात असे व त्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांजवळ असे. आता त्या रजिस्टराचा एक भाऊ दूरच्या यंत्रात राहतो. ज्या यंत्राच्या स्वाधीन आपण मुलांची माहिती केली, त्याची राखण कशी होते हे ठाऊक असणे गैर नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा लहानसा सर्व्हर असेल तर त्याची देखरेख आपल्यापैकीच कोणा तंत्रस्नेही शिक्षकाकडे येण्याचाही संभव असतो.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. या विषयाचे मूलतत्त्व आपणांस आधीच अवगत आहे. प्रत्येक शाळेत जडवस्तूसंग्रह नोंदवही असते. तिलाच आपण बोलण्यात डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो. घंटा एक, खुर्च्या सहा, पृथ्वीगोल एक, लाकडी कपाट दोन अशा नोंदी तीत असतात. वर्षातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी करून सही करावी असा दंडक आहे. ही पडताळणी खरोखर कशी होते आणि कशी व्हावयास पाहिजे, यांमधील अंतर ज्याने पाहिले आहे, त्याला सर्व्हरच्या यादीचा प्रश्न समजावयास वेळ लागणार नाही.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. जो संगणक समोर बसलेल्या माणसाकरिता नव्हे तर दूरवरच्या असंख्य संगणकांच्या मागण्या पुऱ्या करण्याकरिता अहोरात्र चालू असतो, तो सर्व्हर. त्याच्या पेटीत मुख्य बोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, माहिती साठविणाऱ्या डिस्का, हवा खेळविणाऱ्या पंख्यांची रांग, आणि एक बिघडल्यास दुसरा उपयोगी पडावा म्हणून बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात. यांखेरीज मुख्य बोर्डावर आणखी एक छोटासा संगणक असतो. त्याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. त्याची आद्याक्षरे बीएमसी अशी होतात. मुंबईच्या महानगरपालिकेशी त्यांचा संबंध नाही, हे सांगितलेले बरे. आपण सोयीसाठी त्याला रखवालदार म्हणू. मोठा संगणक बंद असला तरी, वीजेची तार जोडलेली असेपर्यंत हा रखवालदार जागा असतो. पेटीत काय काय आहे, पंखे फिरतात की नाही, ऊन किती लागते, हे तो पाहत असतो व दूर बसलेल्या देखरेख करणाऱ्यास कळवितो.

या रखवालदाराने कोणत्या भाषेत बोलावे याचे एक प्रमाण इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड व एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केले. त्याचे नाव आयपीएमआय. त्याची दुसरी आवृत्ती २००४ साली निघाली. पुढे २०१५ साली रेडफिश नावाचे नवे प्रमाण आले, आणि नव्या यंत्रांत त्याचा वापर वाढत गेला. परंतु रखवालदाराजवळ कोणत्या वह्या असाव्यात याची जुन्या प्रमाणाने घालून दिलेली विभागणी समजावयास सोपी आहे, म्हणून आपण तिचाच आधार घेऊ.

त्याच्या वह्या तीन. पहिली, बदलता येण्याजोग्या भागांची यादी. तिला फ्रू म्हणतात. दुसरी, प्रत्येक सेन्सर कोठे आहे, काय मोजतो आणि त्याचा आकडा कसा वाचावा हे सांगणारी. तिला एसडीआर म्हणतात. तिसरी, घडलेल्या घटनांची दैनंदिनी. तिला एसईएल म्हणतात. पहिली वही आपल्या जडवस्तूसंग्रह नोंदवहीसारखी आहे. दुसरीस शाळेत जोड नाही. मोजपट्टीवर कोपऱ्यात ‘से.मी.’ असे छापलेले असते, त्या दोन अक्षरांचे काम ती करते. तिसरी लॉगबुकासारखी आहे.

पहिल्या वहीपासून आरंभ करू. मुख्य बोर्ड, पॉवर सप्लाय यांसारख्या भागांवर एक लहानशी स्मृतिचकती असते. तीत त्या भागाचा उत्पादक, नाव, भाग-क्रमांक व अनुक्रमांक लिहिलेला असतो. बोर्ड केव्हा तयार झाला हेही लिहिण्यासाठी रकाना असतो. आणि ते लिहिण्याची रीत मोठी मौजेची आहे. १ जानेवारी १९९६ च्या मध्यरात्रीपासून किती मिनिटे लोटली तो आकडा तेथे लिहितात. त्यासाठी तीन बाइटांची जागा दिलेली आहे. म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख ७७ हजार मिनिटे मावतात. त्रैराशिक मांडून पाहिले तर हा रकाना नोव्हेंबर २०२७ मध्ये भरून जातो. नोंदवही आखणारा कितीही दूरदृष्टीचा असला तरी रकान्याला कोठे तरी शेवट असतोच. मालकाने आपला स्वतःचा सामग्री-क्रमांक लिहावा, याकरिताही या वहीत एक जागा राखलेली आहे. आपण बाकावर रंगाने शाळेचे नाव व क्रमांक घालतो तसेच ते आहे.

या वहीच्या प्रत्येक विभागाच्या शेवटी एक ताळ्याचा आकडा असतो. त्यास चेकसम म्हणतात. विभागातील सर्व आकडे व हा शेवटचा आकडा यांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे, असा नियम आहे. समजा, आकडे १००, ९० आणि ४० आहेत. त्यांची बेरीज २३०; तेव्हा ताळ्याचा आकडा २६. वाचताना एखादा आकडा बिघडला तर बेरीज जमत नाही व चूक उघडकीस येते. गुणाकाराचा ताळा नवाने पाहण्याची जी रीत आपण मुलांस शिकवितो, तिचेच हे भावंड आहे. त्या रीतीची मर्यादाही यात उतरली आहे. १०० व ९० यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि ताळा बिनबोभाट जमतो.

याहून मोठी मर्यादा निराळीच आहे, आणि तीच आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा आहे. ताळा जमला म्हणजे लिहिलेले अक्षर बिघडलेले नाही एवढेच सिद्ध होते. लिहिलेली गोष्ट खरी आहे हे सिद्ध होत नाही. नोंदवहीत ‘खुर्च्या सहा’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले असेल, बेरीज बरोबर असेल, खाली सही-शिक्का असेल. तथापि खुर्च्या चारच असतील. वहीचे वहीशी जुळणे ही एक गोष्ट आहे. वहीचे वस्तूशी जुळणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट आहे. पडताळणी या शब्दाचा खरा अर्थ दुसऱ्या गोष्टीत आहे.

हे केवळ तात्त्विक बोलणे नव्हे. लिनक्स प्रणालीवर डीएमआयडीकोड नावाचा एक आज्ञावलीचा कार्यक्रम आहे. तो चालविला की यंत्रातील बोर्ड, प्रोसेसर, रॅम यांची लांबलचक यादी क्षणात पडद्यावर येते. पाहणाऱ्यास वाटते की, कार्यक्रमाने पेटीत डोकावून भाग मोजले. वस्तुतः तसे काही घडलेले नसते. यंत्र सुरू होताना त्याच्या बायोसने जे कोष्टक मांडून ठेवले, ते तो फक्त वाचून दाखवितो. आणि या माहितीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असा इशारा त्या कार्यक्रमाच्या कर्त्यांनी त्याच्याच माहितीपत्रकात दिलेला आहे. हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. कित्येक यंत्रांत अनुक्रमांकाच्या जागी ‘उत्पादकाने भरावयाचे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तसेच राहून गेलेले आढळतात. उत्पादकाने ते भरले नाही, विक्रेत्याने पाहिले नाही, घेणाऱ्याने विचारले नाही. आणि त्या कोऱ्या जागेची नक्कल एका यादीतून दुसऱ्या यादीत होत राहिली. छापील तक्त्यात ‘येथे नाव लिहावे’ या सूचनेलाच नाव समजून उतरवून घेणारा विद्यार्थी आपण पाहिलेला आहे. मोठी माणसे व यंत्रेही तेच करतात.

आता दुसऱ्या वहीकडे, म्हणजे सेन्सरच्या नोंदींकडे वळू. सेन्सर रखवालदारास बहुधा शून्यापासून २५५ पर्यंतचा एक साधा आकडा देतो. अंश, व्होल्ट, फेरे हे शब्द त्यास ठाऊक नसतात. आलेल्या आकड्यास कितीने गुणावे, त्यात काय मिळवावे, उत्तर कोणत्या एककात समजावे, आणि ते कोणत्या मर्यादेच्या बाहेर गेले असता ओरड करावी, हे सर्व एसडीआरमध्ये लिहिलेले असते. मर्यादा एकंदर सहा असू शकतात. वरच्या बाजूच्या तीन व खालच्या बाजूच्या तीन. सावधगिरीची, गंभीर, आणि जेथून परत फिरता येत नाही अशी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंख्याच्या सेन्सराने ६० हा आकडा दिला. गुणक १०० असेल तर पंखा मिनिटास ६,००० फेरे घेत आहे. गुणक ७० असेल तर ४,२०० फेरे. खालची मर्यादा ४,५०० फेऱ्यांची आहे असे धरा. आता पंखा बदलून निराळ्या जातीचा बसविला, त्याचा खरा गुणक ७० आहे, परंतु वहीत जुनाच १०० राहिला, तर काय होईल? पंखा ४,२०० फेऱ्यांनी मंदावलेला असता रखवालदार ६,००० वाचील व स्वस्थ बसेल. सेन्सर खोटे बोललेला नाही. रखवालदाराने आळस केलेला नाही. तरीही निरोप खोटा पोचला. कारण आकडा नवा आणि त्याचा अर्थ सांगणारी वही जुनी.

हा प्रमाद केवळ सर्व्हरांतच होतो असे नाही. कॅनडामध्ये २३ जुलै १९८३ रोजी एका प्रवासी विमानाचे इंधनदर्शक काटे चालत नव्हते, म्हणून टाकीतील इंधन पट्टीने मोजण्यात आले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासास २२,३०० किलोग्रॅम इंधन पाहिजे होते. लिटरचे वजन काढताना १.७७ हा गुणक वापरण्यात आला. परंतु तो पौंडांचा गुणक होता, किलोग्रॅमचा गुणक सुमारे ०.८ आहे. त्या काळी तो देश दशमान पद्धतीकडे वळत होता व हे विमान नव्या पद्धतीचे होते. परिणामी आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले आणि आकाशात असताना दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांच्या कौशल्यामुळे ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरले आणि आतील ६९ जणांचे प्राण वाचले. येथे पडताळणी झाली होती, हे लक्षात घ्यावे. टाकीपर्यंत माणूस गेला होता व त्याने प्रत्यक्ष मापही घेतले होते. चुकला तो केवळ गुणक. एकके व रूपांतरे शिकविताना हे उदाहरण पाचवी-सहावीच्या मुलांपुढे ठेवावे. नुसत्या आकड्याला गुण का देऊ नयेत, एकक का लिहावयास लावावे, हे मुलांस निराळे सांगावे लागणार नाही.

पुन्हा सर्व्हरकडे येऊ. एकच मुख्य बोर्ड निरनिराळ्या आकाराच्या पेट्यांत बसविता येतो. एका पेटीत पाच पंखे असतील, दुसरीत तीन. पाच पंख्यांची वही तीन पंख्यांच्या पेटीत गेली तर जे पंखे मुळी नाहीतच, ते बंद पडले असे रखवालदार समजतो; आणि उरलेल्या पंख्यांना जिवाच्या आकांताने फिरवितो. आवाज वाढतो, वीज खर्च होते, पंखे लवकर झिजतात. आणि कारण कोणास सापडत नाही. उलटपक्षी, तीन पंख्यांची वही पाच पंख्यांच्या पेटीत राहिली तर दोन पंख्यांवर कोणाचीच नजर नसते. ते बंद पडले तरी कोणी हाक देत नाही. पहिली चूक त्रासदायक आहे, पण ती लपत नाही. दुसरी चूक शांत असते, म्हणून ती अधिक घातक आहे.

याच कारणास्तव इंटेलने आपल्या सर्व्हर-बोर्डांसाठी या दोन वह्या नव्याने लिहिण्याचा एक स्वतंत्र कार्यक्रम दिलेला होता. पेटी बदलली किंवा रखवालदाराची आज्ञावली नवी घातली की तो चालवावयाचा, आणि पेटीत काय आहे हे त्याला समजू द्यावयाचे, अशी पद्धत होती. इंटेलने २०२३ साली सर्व्हर-यंत्रे तयार करण्याचा व्यवसाय सोडला. तथापि ही पद्धत ज्या गरजेतून निघाली ती गरज कायम आहे. डेलच्या सर्व्हरांत, यंत्र पुन्हा सुरू होताना सामग्रीची यादी नव्याने गोळा करावी की नाही, याची एक निवड असते. ती बंद ठेवली तर यादी जुनीच राहते. आणि जुनी यादी दिसावयास नव्या यादीइतकीच टापटीप असते.

आता अद्ययावत करण्याची रीत सांगतो. पहिली गोष्ट, हात घालण्यापूर्वी जुन्या तिन्ही वह्यांची प्रत काढून दुसरीकडे ठेवावी, आणि आज्ञावलीची आवृत्ती लिहून घ्यावी. दुसरी, नवी फाईल त्याच यंत्राच्या नमुन्याची आहे हे पाहावे. ‘जवळजवळ तशीच’ चालणार नाही. उत्पादकाने तिचा अंकीय ठसा दिलेला असतो, त्याच्याशी ती जुळवून घ्यावी. तिसरी, वीज जाणार नाही अशी तजवीज करावी. लिहिणे अर्ध्यावर तुटले तर रखवालदारच मुका होण्याचा धोका असतो. चौथी, उत्पादकाने सांगितलेला क्रम मोडू नये. पाचवी, मुख्य बोर्ड बदलला असेल तर यंत्राचा मूळ अनुक्रमांक व आपला सामग्री-क्रमांक नव्या बोर्डावर लिहिला गेला की नाही ते पाहावे. एरव्ही यंत्र आपले असूनही कागदावर परके होते आणि हमीच्या मुदतीत दुरुस्ती मागताना खटपट पडते. सहावी, उत्पादकाच्या सूचनेत तसे सांगितले असल्यास वीजेची तार काही वेळ काढून मग यंत्र सुरू करावे.

इतके झाले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांस वाटते. कार्यक्रमाने ‘यशस्वी’ असा शब्द दाखविला की माणूस उठतो. परंतु तो शब्द लिहिणाऱ्याचा आहे, तपासणाऱ्याचा नव्हे. आपलीच उत्तरपत्रिका आपणच तपासून गुण देण्यासारखे ते आहे. म्हणून पडताळणी निराळ्या वाटेने आणि शक्य तर निराळ्या माणसाकडून व्हावी.

यादीची पडताळणी दोन दिशांनी करावी लागते. वही हातात घेऊन वस्तू शोधीत गेले की हरवलेली वस्तू कळते. वस्तूकडे पाहून वहीत शोधीत गेले की नोंद न झालेली वस्तू कळते. आपल्या शाळांतून बहुधा पहिलीच दिशा धरली जाते. देणगीदाखल आलेला संगणक, गावकऱ्यांनी दिलेला जलशुद्धीकरण संच, अशा वस्तू यामुळे वर्षानुवर्षे नोंदीबाहेर राहतात. त्या गेल्या तरी पत्ता लागत नाही. सर्व्हरचेही तसेच. रखवालदाराची यादी, चालू प्रणालीने ओळखलेले भाग, आणि पेटी उघडली असता डोळ्यांनी दिसणाऱ्या चिठ्ठ्यांवरील क्रमांक, अशा तीन गोष्टी शेजारी मांडाव्यात. रॅमच्या आठ पट्ट्या दिसतात आणि प्रणाली सातच मोजते, तर एक पट्टी सैल आहे किंवा मेली आहे. जेथे तिघांचे एकमत नाही तेथे वही दुरुस्त करण्याची घाई करू नये. आधी कारण शोधावे. वही वस्तूशी जुळवावयाची असते. वस्तूचा दोष वहीत झाकावयाचा नसतो.

सेन्सरची पडताळणी याहून बारीक आहे. रात्रभर बंद राहिलेले यंत्र सकाळी सुरू करताच सर्व तापमाने खोलीच्या उष्णतेच्या आसपास असावयास पाहिजेत. त्या क्षणी एखादा सेन्सर ७० अंश सांगत असेल तर त्याच्यावर संशय घ्यावा. हवा आत शिरते तेथील सेन्सरचे वाचन भिंतीवरील साध्या तापमापकाशी ताडून पाहावे. महिनोन् महिने एकाच अंशावर स्थिर असलेला सेन्सर निरोगी नव्हे, तर बंद पडलेल्या घड्याळासारखा समजावा. दोन पॉवर सप्लाय असतील तर, वरिष्ठांच्या संमतीने व कामकाजाची वेळ टाळून, एकाची तार काढावी आणि त्याची नोंद दैनंदिनीत झाली की नाही ते पाहावे. आगीची घंटा वाजते की नाही हे ती वाजवून पाहिल्यावाचून कळत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद सांगितला पाहिजे. ‘वाचन शून्य’ आणि ‘वाचन नाही’ या दोन गोष्टी एक नव्हेत. परीक्षेस बसून शून्य गुण मिळविलेला मुलगा आणि परीक्षेस गैरहजर असलेला मुलगा यांत आपण फरक करतो. पहिल्यास शिकवावयाचे असते, दुसऱ्याच्या घरी जावयाचे असते. पंख्याचे फेरे शून्य याचा अर्थ पंखा थांबला. वाचन नाही याचा अर्थ पंखा नसेल, सेन्सर तुटला असेल, किंवा वही चुकली असेल. सरासरी काढताना कोऱ्या जागी शून्य धरले की सारा तक्ता खोटा होतो. आपण मासिक पत्रके भरताना हीच काळजी घ्यावी.

तिसऱ्या वहीविषयी एकच सांगतो. दैनंदिनीचा जीव तारीख-वेळेत असतो. रखवालदाराचे घड्याळ मुख्य संगणकाच्या घड्याळाहून निराळे असते. ते जागतिक वेळेवर लावलेले असेल तर आपल्याकडे रात्री ८ वाजता घडलेली घटना त्यात दुपारी २.३० ची म्हणून उमटते. मग आधी वीज गेली की आधी पंखा थांबला, याचा निवाडा होत नाही. दोन्ही घड्याळे जुळवावीत. ही वही लहान असते. ती भरली की पुढचे लिहिले जात नाही किंवा मागचे पुसले जाते. म्हणून ठरावीक काळाने तिची प्रत काढून घ्यावी.

इतकी खटपट कशासाठी, असे वाटत असेल तर लंडनचे उदाहरण पाहावे. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये उष्णता प्रथमच ४० अंशांच्या वर गेली. त्या दिवशी लंडनमधील गूगलच्या एका केंद्रात शीतयंत्रणा निकामी झाल्या आणि यंत्रे जळू नयेत म्हणून काही भाग मुद्दाम बंद करावा लागला. त्याच दिवशी तेथील गायज ॲण्ड सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालय-संस्थेची दोन्ही संगणक-केंद्रे उष्णतेने बंद पडली. डॉक्टर व परिचारिकांना कागदावर काम चालवावे लागले, आणि सारे पूर्ववत व्हावयास अनेक आठवडे लागले. रोग्याच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरास त्याचा पूर्वेतिहास दिसेनासा होतो तेव्हा शीतयंत्र, पंखा व अंश ही किरकोळ बाब राहत नाही. चाळीस अंश ही आपल्याकडील विदर्भात व मराठवाड्यात उन्हाळ्याची नेहमीची गोष्ट आहे. तेथे एखाद्या बंद खोलीत, पडदे ओढून, सर्व्हर ठेवलेला असेल, तर त्याचा तापमान-सेन्सर आणि त्याची मर्यादा खरी आहे की नाही, हे वैशाखापूर्वी पाहिलेले बरे.

आता आपल्या शाळेपुरते काय करता येईल? सर्व्हर नसला तरी तत्त्व आहे. संगणक-कक्षातील प्रत्येक यंत्रावर शाळेचा क्रमांक चिकटवावा. प्रत्येकाचा उत्पादक, अनुक्रमांक, रॅम, डिस्क, खरेदीची तारीख व चालू-बंद स्थिती एका पानावर लिहावी. यू-डायस प्लसमध्ये चालू संगणकांची संख्या भरण्यापूर्वी प्रत्येक यंत्र सुरू करून पाहावे. गतवर्षीचा आकडा उतरवू नये. सात संगणकांपैकी चार चालत असतील तर चार लिहिण्यात शाळेची नामुष्की नाही. सात लिहिण्यात मात्र मुलांचे नुकसान आहे. कारण ज्या शाळेत कागदावर सात यंत्रे चालतात तिला आठवे कोण देणार? पदभार देता-घेताना दोघांनी मिळून, दोन्ही दिशांनी पडताळणी करावी, सही त्यानंतर. जी वस्तू निकामी झाली तिचे रीतसर निर्लेखन करावे. ती यादीत जिवंत ठेवू नये.

मुलांनाही यात सहभागी करून घेता येईल. चौथीच्या वर्गात दोन गट करावेत. एका गटाने वही घेऊन वस्तू शोधाव्यात, दुसऱ्याने वस्तू पाहून वहीत नोंद शोधावी, आणि दोघांच्या याद्या फळ्यावर मांडाव्यात. वर्गाच्या चार कोपऱ्यांत तापमापक ठेवून वाचने घ्यावीत आणि ती निराळी का आली याचा विचार करावा. संख्याज्ञान, मापन व सत्यनिष्ठा या तीन गोष्टी एकाच तासात शिकविल्या जातात, आणि त्यास खर्च काहीच येत नाही.

बंधुभगिनींनो, यंत्रे बदलतील. आज सांगितलेली नावे काही वर्षांनी जुनी होतील. आयपीएमआयची जागा रेडफिश घेत आहे, उद्या तिसरे काही येईल. परंतु कोणत्याही यंत्राला आपल्या अंगावर काय आहे हे आपोआप कळत नाही. कोणी तरी ते लिहिलेले असते, आणि कोणी तरी ते जाऊन पाहावे लागते. लिहिणे हे एका दिवसाचे काम आहे. जाऊन पाहणे हे नित्याचे काम आहे. जो नोंदवहीवर सही करतो, तो ‘मी पाहिले’ असे सांगत असतो. त्या दोन शब्दांवर विसंबून पुढचा माणूस पंख्याची मर्यादा ठरवितो, औषध देतो, शाळेला साहित्य मंजूर करतो. ते शब्द खरे असावेत एवढीच विनंती.